कच्ची पाटी आणि आमचा भोंगा

आमच्या शेजारच्या भाऊजींना सगळी आळी 'भोंगा' म्हणते. तोंडावर नाही, तोंडावर 'कंडक्टरसाहेब'. मी पडले सख्खी शेजारीण, त्यामुळे मला दोन्ही म्हणायची मुभा आहे आणि ती मी पुरेपूर वापरते. आमच्या दोन घरांत भिंत एकच. या भिंतीचे माझ्यावर फार उपकार आहेत, तेव्हा पुढचं सगळं मला कसं ठाऊक, असं कृपया कुणी विचारू नये.

गंमत अशी की त्या भिंतीतून भोंग्याचा आवाज कधी येतच नाही. येतो तो त्याच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा. "टॉवेल कुठे टाकलात?" मग शांतता. "ऐकू येतंय का मी काय म्हणतेय ते?" पुन्हा शांतता. घरात हा माणूस असा कुजबुजतो की मीठ मागायचं तरी वहिनींना त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागतो. मी एकदा विचारलंच, "काय हो भाऊजी, आवाज काय डेपोत जमा करून येता?" तर म्हणतो कसा, "शेजारीणबाई, हलवाई घरी गोड खातो का?"

पण तोच माणूस खाकी शर्ट चढवून, चामड्याची पिशवी खांद्याला अडकवून बसच्या पायरीवर उभा राहिला की बघावं. "पूऽऽल! पुलावरचे पुढे याऽऽ!" अशी हाक गेली की पुलाखालचा होडीवाला दचकून वल्हं उचलायचा. दवाखान्याच्या स्टॉपला तो मुद्दाम आवाज खाली घ्यायचा, तरी वरच्या मजल्यावरचे रोगी उठून बसायचे. काही म्हणे त्यानेच बरे झाले.

आवाज वडिलोपार्जित. वडील धान्यबाजारात लिलाव पुकारायचे. शाळेत हजेरी हा घ्यायचा, आणि एकाच वर्गाची नाही, पटांगणात उभा राहून सगळ्या शाळेची. पुढे नाटकात घेतलं. काम पहारेकऱ्याचं, वाक्य एक: "महाराज, शत्रू वेशीशी आला!" ते याने असं काही म्हटलं की पहिल्या रांगेतल्या दोन बायका पर्स उचलून दाराकडे निघाल्या. नाटक कंपनीने नमस्कार केला आणि बस कंपनीने उचलला.

लग्नसुद्धा आवाजानेच जमवलं. वहिनी तेव्हा बटणांच्या कारखान्यात कामाला होत्या. संध्याकाळी परतताना बसमध्ये डोळे मिटून बसायच्या. त्यांचा स्टॉप आला की भोंगा एकदा सगळ्या बसला ऐकू जाईल असा पुकारायचा आणि मग वाकून एकदा हळू, फक्त त्यांच्यासाठी. आम्ही वर्षानुवर्षं समजत होतो की बिचारी पोरगी दमून झोपायची. परवा वहिनींनीच फोड केली: "झोप कसली! दुसऱ्यांदा ऐकायला मिळावं म्हणून डोळे मिटायचे मी."

तर असा हा माणूस. त्याचं एक ठाम मत होतं. जागा नुसती असून भागत नाही, ती कुणीतरी पुकारावी लागते. आणि त्याच्या सगळ्या मार्गावर त्याला नावडता स्टॉप एकच होता, 'जोडरस्ता क्रमांक चार'. "यात काय पुकारू मी?" तो वैतागायचा. "तोंडात खडे भरल्यासारखं वाटतं. कुठे लांबवायला जागा आहे का यात? मूल झाल्यावर आपण त्याला 'क्रमांक चार' म्हणतो का?"

हा रस्ता मी तुम्हाला दाखवते. एका बाजूला सबंध लांबीची पांढरी भिंत, वर काटेरी तार, मधोमध काळं फाटक. ती एका परक्या देशाची वकिलात. फाटकावर कॅमेरा आहे, तो दिवसभर कोंबडीसारखी मान वळवतो. दुसऱ्या बाजूला आपली माणसं: चष्म्याचं दुकान, किल्ल्या बनवणारा, धोबी आणि एका अरुंद गाळ्यात शिवणवाली आजी. बसचा स्टॉप नेमका फाटकासमोर.

आजी त्याच परक्या देशातली. तरुणपणी तिथून निघून आली ती इथेच राहिली. आपली भाषा बोलते, पण जगातल्या सगळ्या वस्तू तिच्या लेखी बाईमाणूस. "कोट आली का? बटण तुटली." बोलते इतकं हळू की मशीनचा आवाज वरचढ. फाटकाकडे तोंड करून तर ती कधीच बोलायची नाही. तिचा भाऊ अजून तिकडे आहे.

भोंग्याची तिथे नेहमीची फेरी. कंडक्टरच्या शर्टाचा एक खांदा आधी फाटतो, पिशवीचा पट्टा घासून. आजी आतून जाड ठिगळ लावून द्यायची. एकदा ठिगळ लावता लावता आजीने त्याला विचारलं, "तू दिवसभर ओरडते, तुला कोणी पकडत नाही?"

"मला कोण पकडणार, आजी? मी आपली स्टॉपची नावं सांगतो."

"तो पण तेवढंच सांगायची," आजी म्हणाली, आणि मग तिने त्याला निवेदकाची गोष्ट सांगितली.

तिकडे एका मोठ्या रेल्वे स्टेशनवर एक निवेदक होता. अमुक गाडी तमुक फलाटावर, एवढंच त्याचं काम. निवडणूक झाली. सरकारने जाहीर केलं की गावोगाव आम्हीच जिंकलो. पण प्रत्येक गावात मोजणीचा कागद मतदान केंद्राच्या दाराला लावलेला असायचा, आणि गाडीबरोबर येणारे गार्ड आपापल्या गावाचा आकडा पाठ करून येत होते. त्यांनी ते निवेदकाला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाड्या सांगता सांगता, त्याच सुरात, ते आकडे सांगायला सुरुवात केली. अमुक गाव, सरकारला इतकी मतं, विरोधात इतकी. पुढचं गाव. आजी तेव्हा फलाटावर उभी होती. "गाडी लागली होती," ती म्हणाली. "पण कोणी चढेना. सगळी ऐकत उभी." दार फोडून त्याला नेईपर्यंत तो सांगत राहिला. अजून तुरुंगातच आहे. त्याचं नाव घ्यायला तिकडे बंदी, म्हणून लोक नुसतं 'निवेदक' म्हणतात, आणि तेच नाव जगभर झालं.

त्या संध्याकाळी आमच्या भिंतीतून पहिल्यांदा भोंग्याचा आवाज आला. माझ्या हातातली वाटी पडली. "अगं, आपल्या धंद्यातला माणूस आहे तो! त्याचा घसा बंद केला गं त्यांनी!"

"आधी तुमचा खाली घ्या," वहिनी म्हणाल्या, "शेजारीण ऐकतेय." मी मुळीच ऐकत नव्हते. मी भिंतीला टेकून बसले होते, इतकंच.

योगायोग असा की त्याच सुमाराला आमच्या नगरसेविकाबाईंनी ठराव मांडला की जोडरस्ता क्रमांक चारला 'निवेदक मार्ग' हे नाव द्यावं. वकिलातीच्या फाटकासमोरच, म्हणजे जाता-येता दिसेल. वकिलातीचं पित्त खवळलं. पण आमच्या शहरात रस्त्याला नाव देणं हे बारशासारखं सोपं नाही. पूर्वी नगरपालिकेने धडाधड नावं दिली, मोठमोठ्या पाट्या लावल्या, आणि लोक आपले 'पिठाच्या गिरणीचा रस्ता'च म्हणत राहिले. पाट्या गंजल्या, नगरपालिकेचं हसं झालं. तेव्हापासून इथे रीत पडली कच्च्या पाटीची. नवीन नाव आधी प्लायवूडच्या फळीवर रंगवून लावायचं. थंडी संपली की नामकरण समिती स्वतः चालत त्या रस्त्यावर येते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "हा रस्ता कुठला हो?" लोकांच्या तोंडात नवीन नाव बसलं असेल तर लोखंडी पक्की पाटी. नसेल तर फळी उतरवून नेतात, आणि ते नाव त्या रस्त्याला पुन्हा कधीही मिळत नाही. ठराव मंजूर झाला आणि 'निवेदक मार्ग'ची अशीच फळी लागली.

टायवाल्याने, म्हणजे वकिलातीच्या व्यवस्थापकाने, ही रीत ऐकली आणि तो म्हणे हसला. हा इथलाच माणूस, पण टाय असा आवळायचा की अर्धा परदेशी वाटावा. "असल्या नावाला कोण विचारतंय? थंडी संपली की फळी जळणाला जाईल," असं तो धोब्याला म्हणाला. धोब्याने ते मला सांगितलं, मी वहिनींना सांगितलं, वहिनींनी भोंग्याला सांगितलं.

भोंगा कुजबुजला, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस वळणावर आली. भोंग्याने दांडा धरला, छाती भरली आणि सोडली हाक. "निवेऽऽऽदक माऽऽर्ग!" त्या 'वे'ला त्याने असा काही ताणला की बस वळण घेऊन थांबली तरी शब्द संपला नव्हता. फाटकावरचा कॅमेरा गर्रकन वळला.

"हे कुठलं आलं नवीन?" एका आजोबांनी विचारलं.

"नवीन कुठलं, तुमचाच रस्ता. आता नाव मिळालंय."

"मला जोडरस्ता चारला उतरायचंय."

"उतरा की, आजोबा. पण उतराल ते निवेदक मार्गालाच."

"आणि हा निवेदक कोण?"

एवढंच त्याला हवं असायचं. एका स्टॉपच्या अंतरात तो सगळी गोष्ट सांगून मोकळा व्हायचा. रेल्वे स्टेशन, गार्ड, आकडे, फोडलेलं दार, सगळं. पुढच्या स्टॉपला उतरणारे तोंड उघडं ठेवून ऐकत राहायचे, स्टॉप चुकवायचे आणि मग पायी मागे यायचे. दिवसातून किती फेऱ्या, त्या प्रत्येक फेरीला ही हाक. रिक्षावाले आधी नक्कल करायला 'निवेऽऽदक' म्हणू लागले, मग नक्कल कधी संपली त्यांनाही कळलं नाही. घरपोच सामान आणणारी मंडळी तेच म्हणू लागली. आमचे हे नळाची कामं करतात, जगातल्या कुठल्याही रस्त्याचं नाव त्यांच्या डोक्यात राहत नाही. तेसुद्धा एकदा म्हणाले, "निवेदक मार्गाला वॉशर बदलून येतो."

मग टायवाला हसायचा थांबला. त्याने डेपोत तक्रार केली की फाटकासमोर गोंगाट होतो, कामात व्यत्यय येतो. डेपोच्या साहेबांनी भोंग्याला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुठूनही फोन येऊ नये असं वाटायचं.

"अहो, जरा हळू पुकारा."

"साहेब, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, तो चालतो. माणसाने वाजवला की गोंगाट?"

"मग ते नाव तरी घेऊ नका. अजून कच्ची पाटी आहे."

"कच्ची आहे म्हणून तर घ्यायचं, साहेब. पक्की झाल्यावर काय, आंधळाही वाचेल."

साहेबाने कपाळ चोळलं आणि भोंग्याची बदली केली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. डेपोच्या मागच्या अंगाला ती खोली, प्रवासी बसमध्ये जे विसरतात ते तिथे जमा. दिवसभर छत्र्यांशी बसायचं. ओरडायला कुणी नाही.

ते दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू. भोंगा घरी यायचा आणि कुजबुजायचाही बंद झाला. थंडी ओसरायला लागली होती. नवा कंडक्टर नुसती दोरी ओढायचा, टण टण, आणि लोक भिंत बघून उतरायचे. कच्ची पाटी ओलीने फुगली, वर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली. एकदा भिंतीतून ऐकलं मी. तो म्हणत होता, "त्याला कोठडीत घातलं, मला खोलीत. त्याचं नाव आपल्या रस्त्यावरूनही जाणार गं. एकदा फळी उतरली की संपलं."

"उगाच बरोबरी करू नका," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या खोलीला खिडकी आहे आणि दुपारी डबा येतो. त्याने बंद दाराआड बसून काम केलं. तुमचं तर दारही उघडं आहे. काय करायचं ते करा."

मग भोंगा हसला. मला ते हसू काही साधं वाटलं नाही.

पुढच्या सोमवारी एक गृहस्थ छत्री मागायला आले. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं.

"काळी छत्री, लाकडी मूठ."

"आहे. कुठे उतरला होता?" हे विचारायचा नियमच आहे, वस्तूची ओळख पटवायला.

"जोडरस्ता क्रमांक चार."

भोंग्याने चेहरा पाडला. "मग ही तुमची नव्हे. ही निवेदक मार्गाला उतरणाऱ्याची आहे."

"अहो, पण मुठीवर माझ्याच कुत्र्याचे दात आहेत!"

"कुत्रा काय, तोही निवेदक मार्गाचाच असेल."

गृहस्थ शहाणे निघाले. "बरं बाबा, निवेदक मार्ग."

"जरा मोठ्याने. नोंद नीट व्हायला हवी."

छत्री मिळाली. शिवाय निवेदकाची गोष्ट मिळाली, आता निवांत, खुर्चीत बसून. ही बातमी अशी पसरली (कुणी पसरवली ते जाऊ द्या) की लोक गंमत म्हणून वस्तू विसरायला लागले. टोप्या, मफलर, डबे, एकजण तर चालण्याची काठी विसरला आणि टुणटुणीत चालत घरी गेला. मी स्वतः एकच छत्री कितीदा तरी विसरले. डेपोच्या मागे रांग लागायची आणि रांगेतून एकेकजण मोठ्याने सांगायचा, "निवेदक मार्ग!"

साहेब धावत आला. "हे काय चाललंय?"

"ओळख पटवतोय, साहेब," भोंगा म्हणाला. "मी कुठे पुकारतोय? मी तर बसून आहे."

आणि मग तो दिवस आला. नामकरण समिती येणार म्हणून आमची आळी पहाटेच उठून बसली. समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणजे उभ्या रेघेसारख्या. पायात कापडी बूट, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. त्यांची अट कडक होती, कुणी कुणाला शिकवायचं नाही, खुणवायचं नाही. भोंग्याने रजा टाकली. वहिनींनी त्याच्याकडून शपथ घेतली की समिती काम आटपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलंत तर म्हणतील, हा सगळा याच्याच घशाचा खेळ. स्टॉपवर तो खोकल्याची गोळी तोंडात धरून उभा राहिला आणि वहिनींनी त्याचं कोपर धरून ठेवलं.

मी तिथे नव्हते. ह्यांचे कामाचे फोन मी घरी घेते, आणि फोन सोडून जाता येत नाही. जे घडलं ते मला अर्धं वहिनींकडून कळलं आणि अर्धं, पुढे कळेलच, जास्त चांगल्या ठिकाणाहून.

समिती वळणावरून आत आली आणि बघते तर रस्ता माणसांनी फुललेला. टायवाल्याने वकिलातीतलं अख्खं खटलं बाहेर काढलं होतं. माळी होता, तो झाड नसलेल्या भिंतीला पाणी घालत होता. ड्रायव्हर होता, तो लखलखीत गाडी पुन्हा पुन्हा पुसत होता. कारकून हातात वर्तमानपत्र घेऊन फिरायला निघाले होते, पाच पावलं जाऊन परत फिरत होते.

"हा रस्ता कुठला?" अध्यक्षीणबाईंनी माळ्याला विचारलं.

"जोडरस्ता क्रमांक चार." ड्रायव्हर: "जोडरस्ता क्रमांक चार." कारकून एकामागून एक, पाढा म्हणावा तसे.

चष्मेवाला म्हणाला, "निवेदक मार्ग." धोबी, किल्लीवाला, दोन रिक्षावाले, एक पोस्टमन तेच म्हणाले. पण पांढऱ्या भिंतीच्या बाजूची माणसं संपतच नव्हती. मग बाई शिवणवाल्या आजीच्या गाळ्यासमोर थांबल्या.

"आजी, हा रस्ता कुठला?"

आजीने मशीनवरचा पाय उचलला. समोर फाटक. वर कॅमेरा, मान आजीकडे. वहिनी सांगतात, आजीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग ती मान खाली घालून म्हणाली, "मला नाही माहीत."

भोंग्याचे डोळे भरले. तो आजीवर रागावला नव्हता. त्याला कळलं होतं की घसा बंद करायला कोठडीच लागते असं नाही.

आणि अगदी त्याच वेळी, आमच्या घरी फोन वाजला.

आता शपथेवर सांगते, वकिलातीतला पाईप आम्ही फोडला नाही. तो आपणहून फुटला. जुना होता, त्याची वेळ आली होती. पलीकडे टायवाला, आवाज किंचाळल्यासारखा.

"नळवाले आहेत का? ताबडतोब पाठवा! पाणी खोलीभर झालंय, खुर्च्या तरंगतायत!"

"पाठवते ना. पत्ता?"

"वकिलात. जोडरस्ता क्रमांक चार."

"अगंबाई. तो कुठे आला?"

"बाई, तुम्ही याच शहरात राहता ना? जोडरस्ता! क्रमांक! चार!"

"तीन माहीत आहे, तिथे माझी नणंद राहते. पाच म्हणालात तर..."

"अहो, पांढरी भिंत! काळं फाटक!"

"आमच्या ह्यांना भिंती कळत नाहीत हो. त्यांना रस्त्याचं नाव लागतं. त्यांना कळेल असं नाव सांगा."

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. मागे कुणीतरी ओरडलं की कपाट पडलं. टायवाला श्वास घेत होता. आतल्या पाण्यामुळे तो फोन घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर आला होता, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या पाठीशी कोण उभं होतं, तेही नाही. मी आपली विचारत होते.

"निवेदक मार्ग!" तो शेवटी ओरडला, इतक्या जोरात की भोंग्यालाही अभिमान वाटावा. "निवेदक मार्ग, बाई, निवेदक मार्ग! कळलं आता?"

"हां, असं सांगा ना," मी म्हटलं. "निघालेच हे."

मी फोन ठेवला नाही. का ठेवीन? पलीकडे अचानक सगळं शांत झालं होतं. मग एका बाईचा आवाज आला, सरळ, ना रागाचा ना लोभाचा.

"काय म्हणालात आपण?"

"ते... ते प्लंबरला कळावं म्हणून..."

"म्हणजे प्लंबरला हेच नाव कळतं?"

"कुणाला दुसरं कळतंच नाही हो, बाई!" टायवाल्याचा बांधच फुटला, पाईपासारखा. "गॅसवाला येत नाही, टॅक्सी येत नाही, माझी स्वतःची सासू परवा जोडरस्ता चार शोधत तासभर फिरली!"

"आभारी आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "समितीला एवढंच पाहायचं असतं. विचारल्यावर माणूस काय सांगतो ते नाही. अडल्यावर काय सांगतो ते." मग कुणाला तरी, "फळी उतरवा. पक्की लावायची आहे."

माळ्याच्या हातातला पाईप खाली पडला. वहिनींनी भोंग्याचं कोपर सोडलं. भोंग्याने गोळी गिळली, आणि मग जी हाक उठली ती मी फोनमधून ऐकली नाही. फोनची गरजच नव्हती. ती खिडकीतून आली. अख्खी आळी, मंडई, पूल, सगळं ओलांडून आली.

"निवेऽऽऽऽदक माऽऽऽर्ग!"

आमचे हे पिशवी घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "कुठे जायचंय ते कळलं." जाऊन पाईप छान जोडून आले. आमचं वैर पाटीवरून होतं, पाण्याशी नव्हतं.

पक्की पाटी निळी आहे, पांढरी अक्षरं. भिंतीवर लावू देणार नाही असं वकिलातवाले म्हणाले, म्हणून नगरपालिकेने फाटकाच्या बरोब्बर समोर खांब रोवला. आता आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं दर्शन तिचंच. डेपोच्या साहेबाने भोंग्याला लगेच बसवर परत घेतलं. निवेदकाच्या प्रेमाने नव्हे. खोलीत छत्र्या ठेवायला जागा उरली नव्हती.

परतल्याच्या पहिल्या फेरीला मी आणि वहिनी मुद्दाम गेलो. वहिनी डोळे मिटून बसल्या, या वयात! बस खच्चून भरलेली, सगळ्यांना ती हाक ऐकायची होती. मधल्या एका स्टॉपला शिवणवाली आजी चढली, कापडाचं गाठोडं घेऊन. समितीच्या दिवसापासून ती भोंग्याच्या नजरेला नजर देत नव्हती.

वळण आलं. भोंग्याने दांडा धरला, छाती भरली. आजी उठून उभी राहिली आणि तिने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"भावाची निरोप आली," ती म्हणाली. "तिकडे कळलं. तो सांगते, आम्हाला इथे नाव घेता येत नाही, तू तिथे घे."

भोंग्याने भरलेली छाती तशीच हळूहळू रिकामी केली. या माणसाने आयुष्यात गिळलेली ती एकच हाक. त्याने दोन पावलं मागे सरून आजीला पायरी दिली.

आजीने दांडा धरला. बस थांबली. समोर फाटक, वर कॅमेरा, मान नेमकी इकडेच.

"निवेदक मार्ग," आजी म्हणाली. बस इतकी गप्प होती की तेवढंही सगळ्यांना ऐकू गेलं.

वहिनींचे मिटलेले डोळे वाहत होते, ड्रायव्हर काच पुसायच्या निमित्ताने नाक पुसत होता. आणि भोंगा? भोंगा आपला कंडक्टर तो कंडक्टर.

"आजी," तो म्हणाला, "'वे' जरा लांबवायचा. नाहीतर मागच्यांना कळत नाही कुठे आलो ते."

आजीने त्याच्याकडे बघितलं. मग गाठोडं त्याच्या हातात दिलं, पायरी उतरली, रस्त्यावर पाय रोवून फाटकाकडे तोंड केलं आणि असा काही 'वे' लांबवला की चष्मेवाला दुकानातून धावत बाहेर आला.

भोंग्याने कान देऊन शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली आणि दोरी ओढली.